तीस डिसेंबरचं लग्न

प्रिय क्रिस्टी,

माझं पत्र पाहून तू आधी घाबरशील, कारण एरवी मी फोनच करते. तब्येत ठणठणीत आहे. डोकं तेवढं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण टॅक्स. हसू नकोस. हा उद्योग दरवर्षी तुझे बाबा करायचे. मार्चातल्या एखाद्या शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर पेन्सिल, खोडरबर आणि पावत्यांचा डबा मांडून बसायचे. आकडे जुळले नाहीत की मला विचारायचे, मार्लीन, हे बिल कशाचं? जणू मी चोरून घोडा विकत घेतला होता! शेवटी फॉर्म माझ्याकडे सरकवायचे. वरती ‘विवाहित, एकत्र’ या चौकोनात खूण केलेली असायची. मी न वाचता सही ठोकायची, मग ते करायचे, आणि आम्ही चर्चच्या तळघरात शुक्रवारच्या पंगतीला तळलेले मासे खायला जायचो. यात कधी खंड पडला नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ते गेले, तरी त्या वर्षाचा त्यांचा फॉर्म भरावा लागतोच. माणूस सुटतो, सरकार सुटत नाही. पण मला त्या फॉर्मचं दुःख नव्हतं, उलट बरंच वाटत होतं. ज्या वर्षी नवरा जातो त्या वर्षाचा फॉर्म बायकोला त्याच्यासोबत भरता येतो, हे मला दफनाच्या दिवसांतच कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून मी मनाशी धरून होते की, शेवटचं एकदा दोघांची नावं एका कागदावर लिहीन. बाकी काही हातात उरलं नव्हतं, एवढं तरी होतं.

आता ऑरिनबद्दल. त्याचं नाव काढलं की तू फोनवर ‘बरं’ म्हणतेस, आणि त्या ‘बरं’मध्ये काय काय भरलेलं असतं ते मला कळतं. वर्ष सरायच्या आत आईला दुसरा माणूस सापडला, हे तुझ्या घशाखाली उतरत नाही. मलाही कुठे धड उतरलंय? तो बाबांच्या शेजारी गोठलेल्या तळ्यावर बर्फात भोक पाडून मासे धरत बसायचा, तेव्हा मला त्याचं आडनावही नीट म्हणता येत नव्हतं. बाबा गेल्यावर रोज सकाळी येऊन दारातला बर्फ काढायचा आणि न बोलता निघून जायचा. एक दिवस मी कॉफीला थांब म्हटलं. पुढचं तुला माहीत आहे. येत्या उन्हाळ्यात तू टुसॉनहून आलीस की लग्न करू, असं मी तुला सांगितलं होतं.

गेल्या शनिवारी आम्ही दोघं वाचनालयात गेलो. तिथे म्हाताऱ्या मंडळींचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतात. टेबलापलीकडे कोण, तर मिसेस टेर्वो, तुझी गणिताची बाई. तिने तुझी चौकशी केली आणि मग नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, वर्षाच्या शेवटच्या दिवशी तू एकटी होतीस की विवाहित?

क्रिस्टी, आमचं लग्न झालंय. तीस डिसेंबरला, कोर्टात.

इथलं तुला ठाऊक आहे. नाताळ जवळ आला की सॉनाच्या वाफेत घाम काढत बसलेले सगळे बाप्ये टॅक्सतज्ज्ञ होतात. लग्न करायचंच आहे तर एकतीसच्या आत उरकून घ्या, सरकार अख्खं वर्ष जोडपं धरतं, पैसे वाचतात. ऑरिन हे ऐकून आला, आणि चार पैसे वाचतायत म्हटल्यावर मीही भुलले. कोर्टात आमच्यासारख्यांचीच रांग होती. पुढच्या पोरीचे दिवस भरत आले होते, आणि नवरा पार्किंगचं मीटर संपेल म्हणून घड्याळ बघत होता. मी मनात म्हटलं, हे नुसतं कागदावरचं. खरं लग्न उन्हाळ्यात, क्रिस्टी आल्यावर, केक कापून. म्हणून तुला बोलले नाही.

मिसेस टेर्वोने चष्मा काढला. तुझ्या बाबांचं नाव घेऊन म्हणाली, “मार्लीन, मग तुला वेंडेलबरोबर नाही गं भरता येणार. वर्षअखेर तू ऑरिनची बायको होतीस. वेंडेलचा फॉर्म एकट्याचा जाईल. ‘विवाहित, वेगळा’.” मला काही कळेना. मी वाद घातला. फेब्रुवारीत त्यांना चमच्याने सूप कोण भरवत होतं, मी की आणखी कुणी? ती म्हणाली, कायदा फक्त वर्षाचा शेवटचा दिवस बघतो. नवीन वर्ष लागल्यावर केलं असतं तर चाललं असतं का, हे मीच विचारलं. तिने मानेनेच हो म्हटलं.

आता आम्हा दोघांचा फॉर्म कसा भरायचा? एकत्र भरला तर नऊशे डॉलर वाचतात, वेगवेगळा भरला तर जातात. ऑरिनने घरापर्यंत गाडी आणली. मग गाडी बंद करून म्हणाला, “आपणही वेगळेच भरू. वेंडेलला एकट्याला कशाला पाठवायचं?” मला रडू आलं, आणि पाठोपाठ राग आला. नऊशे डॉलर! माझ्या सोबतीला पैसे जाळताय होय, म्हणत तुझे बाबा थडग्यातून उठून आले असते. एकत्र लिहावं तर एकाला वाऱ्यावर सोडल्यासारखं होतं. वेगळं लिहावं तर इतक्या भल्या माणसाशी लग्न तरी का केलं? मी रोज एक ठरवते आणि संध्याकाळी ते मोडते.

मागची कागदपत्रं बघायला बाबांनी मृत्युपत्रात तुझं नाव घातलंय, म्हणून त्यांच्या फॉर्मवर सही तुझी लागते. मिसेस टेर्वो म्हणाली, सहीच्या जागी चिठ्ठी चिकटव आणि पोस्टात टाक. माझ्याने ते होईना. पाकीट फोडून तू ‘वेगळा’वरची खूण बघितली असतीस, आणि आईने बाबांना सोडलं असंच तुला वाटलं असतं. मी त्यांना सोडलेलं नाही गं. मी पैसे वाचवायला गेले आणि बाबा हातून सुटले. रागावायचं तर पोटभर रागाव, पण पंधरा एप्रिलच्या मुदतीच्या आत घरी येऊन माझ्यासमोर सही कर. ऑरिनबरोबर मी एकत्रच भरणार आहे, हे आत्ता लिहिता लिहिता ठरलं. पण आमचा फॉर्म तोवर कोरा राहील. आधी तुझे बाबा जाऊ देत. ते गेल्यावरच मी दुसऱ्याच्या नावाखाली सही करीन.

तुझीच,
आई