बाईंच्या सह्या

३ मार्च, मंगळवार
मिळालं! बाईंचं ड्रायव्हिंग लायसन्स! खाली त्यांची सही — शेवटच्या अक्षराची शेपटी पार कडेपर्यंत ओढलेली. माझ्या संग्रहातला एकोणचाळिसावा कागद.
भाच्याने आणून दिलं. बाईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, त्यांच्याच फ्लॅटमध्ये राहतो. "मावशीचं कपाट आवरतोय," म्हणाला. बाईंना सिनेमा सोडून चाळीस वर्षं झाली. आता अंथरुणाला खिळल्यात, माणसं ओळखत नाहीत म्हणे.
ताईचं नेहमीचंच — "लोकांच्या घरची रद्दी आणि आपल्या घरचं कपाट!" बोलू दे. फोटोंवरच्या सह्या बाईंनी जगासाठी केल्या. मला घरातले कागद हवेत. अर्ज, पावत्या, चिठ्ठ्या. जिथे त्या नटी नव्हत्या.

६ मार्च
भाच्याला सहज म्हटलं, शिंप्याला लिहिलेली चिठ्ठी असेल का? मापं त्या स्वतः लिहून पाठवायच्या, असं कुठेतरी वाचलंय.
"साहेबांनी सांगितलं म्हणजे सापडणारच!"
साहेब! जन्मभर कारकुनी केली, कुणी साहेब म्हटलं नाही.

९ मार्च
सापडली! तीन दिवसांत! पिवळट कागद, मापं, खाली सही. तारीख बाईंच्या ऐन भरातल्या वर्षाची. आणखी असतील तर आण, म्हटलं.

१० मार्च
भिंगाखाली पाहिली. सही थरथरली आहे. त्या वर्षी बाईंचा हात थरथरत नव्हता — त्याच वर्षाचा करारनामा माझ्याकडे आहे. भाच्याला विचारणार नाही. उगाच बिनसायचं.

१३ मार्च
दुसरी चिठ्ठी आली. मी न्याहाळत बसलो होतो. ताईने बोट ओलं केलं आणि मी अडवायच्या आत सहीच्या कडेवरून फिरवलं! बोट निळं.
"चाळीस वर्षांची शाई अशी सुटते?"
मी चिठ्ठी तिच्या हाताखालून ओढून घेतली.
"खोटी आहे ना सही?"
"नाही," म्हटलं. "सही खरी आहे."
बँकेत एकतीस वर्षं सह्या ताडून पाहिल्या मी. ही बाईंचीच. फक्त परवाची. आणि मध्येच दोनदा पेन अडलंय. असं कधी होतं ते मला ठाऊक आहे. म्हाताऱ्या खातेदारांना मुलं घेऊन यायची, मनगट धरून सही करवायची, तेव्हा.
ताई चौतीस वर्षं नर्स होती. ती एवढंच म्हणाली, "माणसं ओळखत नाही ती, आणि मापं कशी लिहिते?"

१६ मार्च
जमेल तसं लिहितो.
आज तिसरी चिठ्ठी आली. भाचा घाईत होता, टेबलावर टाकून गेला. वरवर पाहिलं तर मापंच. अक्षर मुंगीएवढं. मी सगळं वाचतो, त्याने वाचलं नसावं. जसंच्या तसं उतरवतो —
"शिंपीदादा, बाही अठरा. गळा चौदा. दार बाहेरून बंद. कंबर तीस. गोळी दोनदा, झोपच झोप. उंची बावन्न. वाचाल तर या."

१७ मार्च
ताई म्हणते, आत्ताच्या आत्ता पोलिसांत चल. मी म्हटलं, दोन दिवस थांब, नीट विचार करू.
या वहीत तरी खरं लिहावं. पोलीस पुरावा म्हणून सगळेच कागद नेतील. बेचाळीसच्या बेचाळीस. परत कसले मिळतात! आणि ही चिठ्ठी — अशी कुणाकडेच नाही. वाचताना बाईंना सोडवायला धावावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी हेही मनात आलं. दोन्ही एकदमच. लाज वाटते.

१८ मार्च
गेलो नाही. ताई माझ्याशी बोलत नाही.

१९ मार्च
ताईला न सांगता बाईंच्या घरी गेलो. म्हटलं, आधी डोळ्यांनी बघू.
चौथा मजला. भाच्याने दार उघडलं, गडबडला, मग हसला. बैठकीत पडदे ओढलेले, औषधाचा उग्र वास. टेबलावर जुन्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी, कडीला कुलूप.
"मावशी झोपलीय."
तेवढ्यात आतून आवाज आला. थकलेला, पण तोच — शेवटचा शब्द किंचित लांबवणारा. अख्ख्या जगाने ऐकलेला.
"शिंपी आला का?"
भाचा म्हणाला, "भ्रम होतो हो तिला. चालायचंच."
दोन पावलांवर दार. मी हो म्हणू शकलो असतो. नुसता खोकलो असतो तरी चाललं असतं! भाच्याने सही केलेला नवा कागद पुढे केला. मी तो घेतला. जिना उतरू लागलो.
पुन्हा ऐकू आलं — "शिंपी आला का?"

२० मार्च
ताईला सगळं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही. "तो आवाज ऐकून तू खाली आलास?" एवढंच विचारलं. मग चपला घातल्या. मी कपाट उघडलं, त्रेचाळीसही कागद पिशवीत भरले. दोघं चौकीवर गेलो. हवालदाराने चिठ्ठी दोनदा वाचली. चौकीतले फौजदार दुसरीकडे झडतीवर गेले होते, म्हणून उद्या सकाळी आठला निघायचं ठरलं.

२१ मार्च
कुलूप तोडलं. बाई खाटेवर बसल्या होत्या, जाग्या. मनगटावर काळेनिळे वळ. ताईने त्यांना धरून बाहेर आणलं. हवालदाराने विचारलं, "बाई, कुणी केलं हे?" भाच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "हा रोज सांगायचा, साहेबांना आणखी एक हवाय. सही केलीस तर पाणी. ते साहेब कोण?"
ताईने मान फिरवली.
मी म्हटलं, "मीच तो."
बाईंनी लगेच उजवा हात पुढे केला. "आणा. कुठे करू?"