दादाने हातोडीने बसवलेले दोन लायनर

घडले ते असे:

१. बाबांनी गाडीचे इंजिन उघडून चारही लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळकांडी, पाणी अडवणाऱ्या नव्या रबरी सीलवर बसवले.

२. हेड, म्हणजे इंजिनचे वरचे झाकण, चढेपर्यंत लायनर वरून मोकळे असतात. कामावर निघताना मी ते जागेवर धरणाऱ्या दाबपट्ट्या दादाच्या हातात दिल्या. "या आवळल्याशिवाय क्रँक फिरवू नकोस."

३. "काही होत नाही, मॅडम." त्याने क्रँकचा दांडा फिरवला, तसे पिस्टन हलले. पिस्टनने दोन लायनर वर ओढले. त्याने ते हातोडीने खाली ठोकले आणि हेड चढवले.

४. सील फाटले, पाणी तेलात उतरले, इंजिन जाम झाले.

५. "हात गेले माझे," म्हणत बाबांनी पाने खाली ठेवले. दादा शेजारीच होता. "वय झालं, बाबा. चालायचंच."

६. काल मी इंजिन उघडले. दोन लायनरच्या काठावर हातोडीच्या खुणा आहेत. उरलेल्या दोन्हींखालचे सील कोरडे, म्हणजे बाबांचे काम चोख. दादा म्हणाला, "जरासे वर आले होते, बसवले मी. त्यात काय एवढं?" बाबांना सांगितले, तर म्हणाले, "मन राखतेस माझं."

सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काही होत नाही. हे वाक्य ओळखीचे असल्याने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्या पश्चात काय कोणाचे ते लिहून ठेवते.

बँकेतली शिल्लक आईला. दादाच्या चौथ्या धंद्यात ती घालू नये. आधीचे तीन बाजाराने बुडवले, असे फक्त आईच मानते.

शेडमधला माझा हिस्सा आणि मोजमापाची साधने बाबांना. टॉर्क पानाही. किती आवळायचे हे न मोजणाऱ्याच्या हातात तो नुसता लांब दांडा आहे.

दादाला हातोडी, आणि ते दोन लायनर, खुणांसकट. लायनर सरकल्याबद्दल नव्हे. सरकलेला लायनर बाहेर काढतात, बैठक साफ करतात, नवे सील घालतात, उंची मोजतात. अर्ध्या दिवसाचे काम. तोंड उघडायला त्याहून कमी वेळ लागला असता.

साक्षीदार: लेथवाले काका (सही), शेजारच्या शिंपीणबाई (सही, वाचून म्हणाल्या, "एवढंच लिहिलंस?")

लिहिणारी: धाकटी मुलगी (सही)
ठिकाण: घरामागची शेड
दिनांक: १४, बुधवार

प्रत दादाला. बाबांना तू स्वतःच्या तोंडाने सांगायचे आहेस. सांगितलेस तर हातोडीचे कलम खोडते. रविवारी मी इंजिन बांधायला घेणार आहे आणि सील बसवायला मला बाबा हवे आहेत. शनिवार, १७ तारखेपर्यंत उत्तर दे.