आकडे वाढले, तेव्हा

प्रिय धाकटे,

पाकीट बघून हसशील. फोन असताना ताईला ही काय अवदसा आठवली, आणि तेही तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर! जरा दम धर, सांगते.

पाचवा लागला ना? ओकाऱ्या थांबल्या का? लहानपणी पालेभाजी पाहून नाक मुरडणारी तू, आता रोज हिरव्या समुद्री शेवाळाची पूड दुधातून पितेस. मीच मागे लागले होते. अगं, शरीराला स्वतः बनवता येत नाहीत ती अमायनो आम्लंसुद्धा त्यात आहेत, बाळाचं अंग त्यांतूनच घडतं, असं छाती ठोकून सांगितलं होतं. ती पूड बनवणाऱ्या आमच्या कंपनीत ही आम्लं मोजणारी मीच. वाळलेलं शेवाळ दळायचं, बंद नळीत आम्लात दिवसभर उकळायचं, मग यंत्रावर एकेकाचं प्रमाण काढायचं.

यंदा आकडे असे चढले की साहेब हवेतच! आकडा वर, की भाव वर. विक्री तुझ्या नवऱ्याकडे, त्याने लगेच मोठं गिऱ्हाईक गटवलं. मीही हुरळले, गाढव कुठली. शेवाळ एवढं गर्द का झालं, हे विचारायचं सुचलंच नाही.

शेवटी किनाऱ्यावर गेले. तोडणाऱ्या बायकांनी सहज सांगितलं, जुन्या खडकांवरचं संपलं, आता नाल्याच्या तोंडाशी तोडतो. सांडपाण्यावर शेवाळ पोसतं, आकडे त्यानेच फुगले होते. त्याच नाल्यात बॅटरी कारखान्याचं पाणी येतं. मी गुपचूप शिसं तपासलं. तीनदा. तिन्ही वेळा भरपूर निघालं.

शिसं पोटातल्या बाळाच्या मेंदूवर जातं. आजपासून ती पूड बंद. आजच डॉक्टरकडे जा, रक्त तपासून घे, आणि एकटी जा. तुझ्या नवऱ्याला मी महिन्यापूर्वीच तपासणीचा कागद दिला होता. माल रवाना होईपर्यंत गप्प राहा म्हणाला, घरचा डबा आजच फेकतो म्हणून बाळाची शपथ घेतली. मी विश्वास ठेवला, महिनाभर तोंड शिवून बसले. मला माफ करू नकोस. तुझा फोन हल्ली तोच उचलतो, परवाही मी काही सांगायच्या आत त्याने तो घेतला, म्हणून हे पत्र. त्याआधी तो दोन मिनिटं अंघोळीला गेला तेव्हा तू कौतुकाने सांगितलंस, रोज सकाळी तो स्वतः पूड कालवून देतो, आणि तू पेला संपवेपर्यंत गिऱ्हाइकांना दाखवायला व्हिडिओ काढतो.

तुझीच,
ताई