पहिल्या दाताचे गहू

४ ऑक्टोबर
नातीला, छोट्या मानेला, दात आला! चमचा टक्क वाजला नि सून नझेली ओरडली— "आई, हातिक करायला हवं!"

हवंच. गहू शिजवायचे, पोरीच्या डोक्यावर ओंजळीने सोडायचे, म्हणजे बाकीचे दात दाण्यांसारखे भराभर येतात. पण घरात गहू आहे तो उशीच्या अभ्र्यातला. गाव सुटलं तेव्हा शेतातला एवढाच उचलता आला. दोन वर्षं बियाण्यासाठी जपलाय. भाड्याच्या घराला परस मिळालं ते आत्ता कुठे! शिजवला की बी संपलं.

५ ऑक्टोबर
नझेली म्हणते, "बाजारातून आणते की. कुणाला कळतंय?"
मला कळतं! आमचा गहू मी डोळे मिटून ओळखीन.

८ ऑक्टोबर
आज सारखी ह्यांची आठवण. मळणी झाली की खळ्यावर रांग लागायची— लोहार, गुराखी, पाद्री. पैसे कोण देत होतं? सगळ्यांना वर्षाचा गहू मापून. मी कुरकुरले की हे हसायचे, "अगं, ह्रायरच्या दाताचा वाटा ठेवलाय!" लेकाच्या, ह्रायरच्या हातिकला चाळीस घरी ताटल्या गेल्या. आता त्या चाळीस घरांतलं एकही जवळ नाही.

११ ऑक्टोबर
ठरलं. आमचाच शिजवायचा. नातीच्या डोक्यावर परका दाणा नको. अभ्रा नझेलीकडे दिला, निवडून ठेव म्हटलं. मग परसात जाऊन रडले.

१२ ऑक्टोबर
हातिक झालं! मानेपुढे पुस्तक, कंगवा, कात्री मांडली. तिने कात्रीवर झडप घातली. शेजारची ह्रिप्सिमे म्हणाली, "शिंपीण होणार!" ह्रायर म्हणाला, "नाहीतर नवऱ्याचे कान कापणार!"

साखर-अक्रोड घालून पहिला घास घेतला— तीच चव! आमच्या वरच्या शेताची. सगळ्यांना सांगत सुटले. ह्रिप्सिमेही म्हणाली, "बाजारच्या गव्हाला कुठली ही गोडी!" नझेली खाली मान घालून ताटल्या विसळत होती.

१४ ऑक्टोबर
नझेलीने पलंगाखालून बरणी काढली. आमचा गहू. सगळाच्या सगळा! अभ्र्यात बाजारचा भरला होता हिने. "आई, रागावलात? बी पुन्हा कुठून आणलं असतं?"

दुपारी दोघींनी पेरला. आणि म्हणे, मी डोळे मिटून ओळखीन!