वर, मध्ये, खाली

२ मार्च
आले एकदाची माझ्या स्वतःच्या घरात! लेकाकडे चार वर्षं पाहुणीसारखी राहिले. आता दोन खोल्या, स्वयंपाकघर, पाच खिडक्या आणि टोमणे मारायला मी एकटी. निघताना लेकाने बजावलं की पुन्हा गोंधळ घातलास तर थेट वृद्धाश्रम, अर्ज भरून ठेवलाय. एकदा गॅस चालू राहिला, त्याचं केवढं भांडवल!

पडदेवाला खिडक्यांच्या झडपांच्या मापाला येतो म्हणाला. मी म्हटलं, तीस वर्षं भूमिती शिकवली आहे, माझी मी घेते. खिडकीची चौकट कधीच सरळ नसते. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजायची आणि सर्वांत लहान आकडा तेवढा लिहायचा. बैठकीची खिडकी: १२२. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, न लिहिलेलं माप म्हणजे थाप. म्हणून पाचही मापं इथे रोजनिशीत टिपली.

९ मार्च
पडदेवाला झडपा घेऊन आला. एकही बसेना. प्रत्येक खिडकी तीन सेंटीमीटर लहान! मेल्याने दात काढत सुचवलं की मावशी, आधी चष्म्याचा नंबर मोजून घ्या. वर लेकाला फोन करून चुगली. लेक म्हणाला, शेवटची संधी. ज्याला मी हातावर फूटपट्टी मारून मोजायला शिकवलं, तो मला संधी देतोय! पुन्हा मोजलं: ११९. लिहिलं.

१० मार्च
११६.

डोकं शाबूत ठेवून प्रयोग केला. स्वयंपाकघराची खिडकी नुसती मोजली. तशीच राहिली. आकडा लिहिला, तर शाई वाळायच्या आत चौकट कुरकुरली आणि तीन सेंटीमीटर आत आली. मोठा आकडा लिहून पाहिला. ढिम्म. या घराला लहानच आकडा कळतो.

१२ मार्च
लेकाला सांगितलं. तो मग तान्ह्या बाळाशी बोलावं तसं म्हणाला की उद्या येतो, तुझी बॅग भरू.

१३ मार्च, सकाळी
आला. वृद्धाश्रमाची गाडी दुपारी यायची आहे म्हणे. आतल्या खोलीत माझ्या साड्या घड्या करतोय, त्याही वाकड्या. त्या खोलीची खिडकी पहाटेच लिहून लिहून विटेएवढी करून ठेवली आहे. त्याचं लक्षही गेलं नाही. कधी गेलं होतं?

मी बाहेरून दार लोटलं. टेप लावली. वर, मध्ये, खाली.
७६. ७३. ७०. ६७.
दार चौकटीत गच्च रुतलं. आणखी लिहिलं. आता तिथे फट आहे, माझा हात जाईल एवढी.

दुपारी
ओरडून ओरडून घसा बसला त्याचा. गाडीवाला बेल वाजवून परत गेला. मी वरण गरम करून जेवले.

तीन वाजता
भिंत फोडायला गवंड्याला फोन लावलाय त्याने. गवंड्याने आमच्या मधल्या भिंतीची उंची विचारली. खिशात टेप आहे त्याच्या. फटीतून दिसतंय, अर्जाच्या पाठीवर लिहितोय, आकडे मोठ्याने म्हणत. लहानपणची सवय. मीच लावलेली.

भिंत दोघांची आहे. छतही.

नंतर
छत वीतभर खाली. पुढच्या दारावर दाबलंय — उघडत नाही — लेक आतल्या खोलीतून ओरडून सांगतोय की आई, दोनशे चाळीस होतं, आता दोनशे एकोणीस, कुणीतरी चुकतंय. पुन्हा घेतो म्हणाला.

लिहू नकोस, एवढंच सांगायचं. दोन शब्द. पण मग सगळं कबूल करावं लागेल — आणि तो म्हणेल, बघ, तूच —

जमिनीवर बसून लिहितेय. केसांना छत गार लागतंय.

रडतोय. तरी मोजतोय. तीनही ठिकाणी. शाबास. वर — मध्ये — खा