चिंचेनं घासलेली फुलदाणी

आई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपलं भांडण काही संपत नाही. 'आई' म्हणायची सवय तुम्ही लावलीत म्हणून म्हणते. माझ्या आईला मी अगं-तुगं करते, आणि तिनं माझी एकही वस्तू कधी फेकली नाही.

ती फुलदाणी आठवते ना? तुमच्या मुलाशी लग्न होण्याआधी मी बॉल्सब्रिजला ज्या म्हाताऱ्या आयरिश बाईंकडे भाड्यानं राहत होते, त्यांनी ती लग्नाची भेट म्हणून दिली होती. फ्रेंच, निळ्याभोर पोर्सेलिनची; काठ, कान आणि बैठक सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझची. ते सोनं डोळ्यांत भरायचं नाही, नुसतं उबदार दिसायचं. लग्नानंतरच्या आमच्या सँट्रीच्या फ्लॅटमध्ये सोफा तुमच्या मुलाच्या पसंतीचा, पडदे तुम्ही नागपूरहून आणलेले. माझी म्हणावी अशी ती एकच वस्तू.

दिवाळीचा आदला दिवस. मी ऑफिसातून येते, तर सिंकजवळ चिंचेचा कोळ, मीठ, आणि ओट्यावर समई-तांब्यांच्या रांगेत ब्राँझचे सुटे भाग. तळाचा नट काढला की सगळं सुटतं, हे तुम्ही बरोबर हुडकलंत. मुलामा पार गेलेला, आतून पितळेसारखं पिवळंजर्द ब्राँझ. "पाय, कशी लखलख करून रायली!" बैठक उचलून मला दाखवत तुम्ही म्हणालात. मी विचारलं, निळं भांडं कुठे आहे? "फेकलं. काठाला फुटकं होतं, वरून पितळेनं झाकलं होतं. फुटकं भांडं दिवाळीत घरात ठेवत नसतेत. आपल्या घरात आलंच काहून हे?" हे शेवटचं माझ्याकडे बघून. माझं पहिलं लग्न मोडलेलं, तो विषय तुम्ही तोंडानं कधी काढला नाहीत; बघायचात मात्र तसंच. मी ओरडले, तर तुमच्याच डोळ्यांना पदर. चोराच्या उलट्या बोंबा! तुमचा मुलगा तुम्हाला पाणी द्यायला उठला. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

पाडव्याला बाई फराळाला येणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. त्या आल्या आणि त्यांची नजर थेट रिकाम्या शेल्फवर गेली. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही ती बैठक त्यांच्यापुढे धरलीत, वर निरांजन ठेवून. "क्लीन! गुड!" बाईंनी त्या घासलेल्या ब्राँझवरून अंगठा फिरवला. "ग्रँड," म्हणाल्या, इथं नुसतं 'ठीक आहे' म्हणायचं असलं की म्हणतात तसं, चिवडा तसाच ठेवला आणि कोट चढवला. पुढे मी कितीदा फोन केले. दर वेळी त्यांना काहीतरी काम निघायचं. भांडं मी कधीतरी विसरले असते. या देशात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, तेही तुम्ही घालवलंत. याची माफी नाही. मेल्या माणसाला सगळं माफ असतं म्हणतात, असेल दुसऱ्यांकडे.

हल्ली तुमच्या फोटोपुढचं निरांजन मी त्याच बैठकीवर ठेवते. तुमच्या मुलाला वाटतं, प्रेमानं. तुम्ही ती रोज बघावी म्हणून ठेवते.

हे पत्र तुमच्या फोटोमागेसुद्धा सरकवणार नाही, फाडून टाकीन. पण एक सांगायचं राहिलंय. काठ फुटका आहे, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्हालाच मुद्दाम सांगितलं नाही. देतानाच बाईंनी ब्राँझवर बोट ठेवलं होतं. "याच्या खाली फुटलंय गं. दुसरी देऊ का?"

मी म्हटलं होतं, हीच द्या.