बबनच्या आगी

रविवार, १२ फेब्रुवारी १९७८

हा खेळ मी काढला. कापडाच्या थानातला पुठ्ठा गांधीबागेच्या कापडबाजारातून आणून पत्ते मी कापले, नियम मी केले. ज्याने त्याने पत्ते रंगवून, बदलून आपली जुडी आपण जमवायची, हेही माझंच डोकं. महिनाभर अदलाबदल करून मी किल्ला, विहीर, शिपाई असं एकेक जुळवलं. आणि माझा साळा बबन आज काय घेऊन आला? नुसत्या आगी, वर एखाददुसरा शिपाई. आग टाकली की सतरंजीवरचं सगळं बाद, स्वतःचंसुद्धा. याला जुडी म्हणायचं? त्याही कुंकवाने रंगवलेल्या, बोटांना लागणाऱ्या.

"भाऊजी, तुम्ही बांधून राहिले, मी जाळून राहिलो," म्हणे. ना अक्कल, ना धीर. माझा किल्ला जळला की मागून टाकलेला त्याचा एखादा फाटका शिपाई डाव घेऊन जायचा. सगळे डाव त्यानेच नेले, गाढवाने.

जेवताना हिने माझ्या बोटांकडे पाहिलं. "बबनच्या पत्त्यांचा रंग अजून गेला नाही का जी?"

"जाईल," म्हणालो.

खेळून उठल्याबरोबर मी साबणाने हात धुतले होते. हिच्या कुंकवाच्या करंड्यात बोटं घातली ती त्यानंतर, उरलेला पुठ्ठा पुढ्यात घेऊन.